दुकानदाराच्या वहीबाहेरचं गाव

एप्रिल संपत आला आहे, तरी तुमच्या पायाखालच्या गोट्यांवर बर्फाचा पापुद्रा आहे आणि पावलागणिक तो कडकन मोडतो. मागे उघडा खडक, त्याच्या बेचक्यांत वाऱ्यानं वाकवलेली खुरटी झाडं. पुढे अटलांटिक. मधल्या चिंचोळ्या पट्टीत काही लाकडी घरं एकमेकांना चिकटून उभी. हा न्यूफाउंडलंडचा किनारा. अक्षांश पाहिला तर तुम्ही लंडनच्या दक्षिणेला आहात, पण लॅब्रॅडॉरचा थंड प्रवाह या बेटाला घासून जातो आणि जूनमध्येसुद्धा खाडीच्या तोंडाशी हिमनग येऊन थांबतात. साल विचारू नका. एकोणिसावं शतक नुकतंच लागलंय असं धरून चला.

तुमच्याभोवतीच्या माणसांचे गाल आत गेलेत. गेल्या हंगामात मासा कमी पडला, तळघरातले बटाटे केव्हाच संपले, पिठाच्या पिंपाचा तळ खरवडून झाला. हिवाळा सरला आणि मासा अजून आला नाही, अशा या आठवड्यांचीच या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त धास्ती असते. आणि नेमक्या या दिवसांत एक देवमासा आपण होऊन किनाऱ्याला लागलाय.

कुऱ्हाडी, कोयते, घरातल्या सुऱ्या, हाताला लागेल ते घेऊन गाव त्याच्यावर तुटून पडलंय. तुमच्या शेजारी नऊ वर्षांची एक मुलगी उभी आहे, मेरी ट्रायफीना. तिच्या आजीला सगळं गाव ‘डिव्हाइनची विधवा’ एवढंच म्हणतं. आजी देवमाशाचं पोट फाडते, आतडी बाहेर येतात आणि त्यांच्यापाठोपाठ एक माणूस घसरत गोट्यांवर पडतो. नागवा, पांढराफटक, केससुद्धा पांढरे. वास असा, की जन्मभर माशांत वावरलेली माणसं नाक दाबून मागे सरतात. मेला असं समजून त्याला पुरायची बोलणी सुरू होतात, आणि मग कळतं की तो जिवंत आहे.

हे गाव तुम्हाला नकाशावर सापडणार नाही. मायकेल क्रमी हा न्यूफाउंडलंडचाच कवी-कादंबरीकार. त्याची ‘गॅलोर’ २००९ साली आली, तिच्यातलं हे पॅराडाइज डीप. शेजारच्या खाडीत दुसरं गाव आहे, द गट. किनाऱ्यावरचा तो माणूस बोलत नाही, त्यामुळे त्याला नाव देण्यावरून वाद होतो. कुणी त्याला देवमाशाच्या पोटात राहून आलेला जोना म्हणतं, कुणाला त्याच्यात जूडास दिसतो. शेवटी तडजोड म्हणून जूडा ठरतं. पुढे हाच जूडा मेरी ट्रायफीनाचा नवरा होणार आहे, आणि त्या दोघांची नातवंडं-पतवंडं पुस्तकाच्या शेवटापर्यंत तुम्हाला भेटत राहणार आहेत.

इथे उभं राहून एक गोष्ट लक्षात घ्या. हे खरंच घडलं का, असं किनाऱ्यावरचा एकही माणूस विचारत नाहीये. त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत: याला ठेवायचं कुणी, खायला कोण घालणार, आणि हा आल्यानं मासा येईल की जाईल. या कादंबरीचं नाव निघालं की समीक्षक हटकून मार्खेझच्या कादंबरीतल्या माकोंदो गावाकडे बोट दाखवतात. मला ते अपुरं वाटतं. या पुस्तकात जे अचाट आहे, त्यातलं पुष्कळसं त्या बेटाच्या लोककथांत, समजुतींत, आजीबाईंच्या तोंडात आधीपासून होतं. क्रमीनं ते घरातूनच उचललं. तसं का उचलावं लागलं हे समजायचं असेल, तर तुम्हाला या माणसांबरोबर एक हंगाम काढावा लागेल.

तेव्हा दोन महिने पुढे या. जूनच्या अखेरीला वीतभरही नसलेले कॅपलिन मासे अंडी घालायला लाटेबरोबर थेट किनाऱ्यावर येतात. पाण्याचा रंग चंदेरी होतो. बायका-पोरं गुडघाभर पाण्यात उतरून ते टोपल्यांनी भरतात: थोडे खायला, थोडे गळाला आमिष म्हणून, उरलेले बटाट्याच्या वाफ्यात खत म्हणून. कॅपलिनच्या मागावर कॉड येतो, आणि कॉड आला की झोप विसरायची.

संध्याकाळी होड्या परततात तेव्हा खरं काम सुरू होतं. पाण्यात खांब रोवून त्यावर बांधलेली एक शेड आहे. पायाखालच्या ओबडधोबड फळ्यांच्या फटींतून काळं पाणी हलताना दिसतं. दिव्यात कॉडचंच तेल जळतंय, उजेडापेक्षा धूर जास्त. टेबलाभोवती चौघं. पहिला माशाचा गळा कापून पोट उघडतो. दुसरा काळीज काढून पिंपात टाकतो, कारण त्याचं तेल निघतं. आतडी भोकातून खाली समुद्रात जातात. मग टेबलाच्या काठावर मान दाबून तो मुंडकं मोडतो. तिसरा खरा कसबी. त्याची सुरी वाकड्या पात्याची. दोन कापांत तो पाठीचा कणा उचलून फेकतो आणि मासा सपाट उघडा पडतो. चौथा थरावर थर लावून मीठ मारतो. मीठ कमी पडलं तर मासा नासतो, जास्त पडलं तरी बिघडतो. त्याचं माप कुठे लिहिलेलं नसतं, ते त्या माणसाच्या हाताला माहीत असतं.

तुम्हाला दुसऱ्याच्या जागी उभं केलंय. थोड्याच वेळात बोटांना काही कळेनासं होतं. काट्यांनी चिरलेल्या जागी खारं पाणी झोंबतं. शेजारच्या बाईच्या मनगटाकडे बघा: पितळेची बारीक साखळी आहे. तो दागिना नव्हे. तेल पाजलेल्या कापडाची कडक बाही सतत ओल्या कातडीवर घासून मनगटाला फोड येतात, ते येऊ नयेत म्हणून इथले लोक पितळ बांधतात. मध्यरात्र उलटते. ढीग संपत आला असं वाटतं तेवढ्यात आणखी एक होडी शेडला लागते.

खारवलेला मासा पुढे धुऊन वाळवायचा. त्यासाठी किनाऱ्याच्या चढावर बल्ल्यांचे माच बांधलेत, वर फांद्या अंथरलेल्या, म्हणजे खालून वारा लागतो. हा विभाग बायकांचा. सकाळची ओल उडाली की मासा मांस वर करून पसरायचा, ऊन फार तापलं तर पालथा घालायचा, नाहीतर भाजल्यासारखा होऊन तो वाया जातो. संध्याकाळी गोळा करून लहान लहान ढिगांत रचायचा, पुन्हा सकाळी उलगडायचा. धुकं आलं तर थांबायचं. पावसाचा पहिला थेंब पडला की चुलीवरचं टाकून, पाळण्यातलं रडतं पोर टाकून माचाकडे धावायचं. वर्षभराच्या मेहनतीचा दर्जा ठरतो तो या बायकांच्या आभाळाच्या अंदाजावर. एका बाईबरोबर आठवडाभर मासे उलटे-सुलटे करून बघा, मग तिच्या नवऱ्याच्या मागोमाग दुकानात जा आणि वहीत तिचं नाव शोधा. सापडणार नाही. खातं नवऱ्याच्या नावावर आहे.

ते दुकान म्हणजे या सगळ्या किनाऱ्याचं मर्म. कादंबरीत ते किंग-मी सेलर्सचं आहे. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला असा एक सेलर्स होता. शरद ऋतूत सुका मासा घेऊन गावकरी त्याच्या धक्क्यावर येतात. तिथे मासा पारखणारा माणूस दुकानदाराच्या पगारावर असतो. हातात घेऊन एक नजर टाकतो आणि या नाहीतर त्या ढिगात फेकतो. चांगला माल स्पेन, पोर्तुगाल, इटलीला जातो. सगळ्यात हलक्या मालाला ‘वेस्ट इंडिया’ म्हणतात, कारण तो कॅरिबियन बेटांवर, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांना खाऊ घालायला जातो. आणि त्याच बेटांवरची काकवी पिंपांतून इथे येते, हिवाळ्यात चहात घालायला. दोन्ही टोकांची माणसं एकमेकांना कधी पाहत नाहीत.

आता हिशेब बघा. वसंतात गावकऱ्यानं मीठ, दोर, गळ, पीठ, काकवी, चहा उधार नेला, त्याचा भाव दुकानदारानं ठरवला. शरदात मासा आणून दिला, त्याचाही भाव दुकानदारानंच ठरवला. वजाबाकी तोच करतो आणि आकडा तोच वाचून दाखवतो, कारण समोरच्याला अक्षर येत नाही. समोरचा वहीत फुली मारतो. बाकी निघालीच तर ती दुकानातल्या मालात फेडून घ्यायची. रोख पैसा असा नाहीच. हिवाळ्याचं पीठ मिळेल की नाही, हे या एका माणसाच्या मर्जीवर. पुढे मुलगा मोठा होऊन त्याच दुकानाची पायरी चढतो, कारण पंचक्रोशीत दुसरं दुकान नाही.

या खाड्यांमध्ये लिहिलेलं असं फार थोडं होतं. चर्चची नोंदवही असली तर असली, पाद्री वर्षातून एकदा फिरकला तर फिरकला. वर्षानुवर्षं न चुकता लिहिला गेला तो फक्त उधारीचा आकडा. कुणी कुणाला लग्नाला नकार दिला, कोण बुडालं आणि त्याला कुणी शेवटचं पाहिलं, कुणाच्या तळतळाटानं कुणाची गाय आटली, कुणाचं पोर नेमकं कुणाचं, हे कुठल्याही कागदावर आलं नाही. ते गोष्टींत राहिलं. म्हणून क्रमीनं आपल्या बेटाचा इतिहास दंतकथेच्या अंगानं सांगितला, हे मला अगदी योग्य वाटतं. दुकानदाराची वही आधाराला घेतली असती तर त्याला कर्जदार मिळाले असते. गोष्टींचा आधार घेतला म्हणून त्याला माणसं मिळाली.

पॅराडाइज डीपमध्येच बघा. डिव्हाइनची विधवा तरुणपणी किंग-मीला लग्नाला नकार देते. तिथून दोन घराण्यांचं वैर सुरू होतं, आणि मग किंग-मीचीच मुलगी तिच्या मुलाशी लग्न करून तिच्या घरात येते. म्हणजे मेरी ट्रायफीना सावकाराची नात आणि कर्जदाराचीही नात. सगळी कादंबरी या गाठीभोवती फिरते. गावातल्या जेबेझ ट्रिमकडे बायबल आहे, तेही एका कॉडच्या पोटात सापडलेलं, भिजलेलं. अक्षरसुद्धा इथे समुद्रातूनच येतं. केरिव्हनचं म्हणून एक जुनं सफरचंदाचं झाड आहे. मूल जन्मलं की रोगराई लागू नये म्हणून ते या झाडाच्या फांद्यांमधून आरपार द्यायचं. डॉक्टर नाही, औषध नाही, निम्मी पोरं दगावतील ही भीती कायमची. अशा ठिकाणी तान्ह्या लेकराला दोन फांद्यांमधून पलीकडच्या हातांत देणाऱ्या आईची तगमग समजून घ्या. तिला हातानं काहीतरी करायचं असतं, आणि करण्यासारखं तेवढंच असतं.

झाड क्रमीचं, पण अशा समजुती त्या बेटावर खरोखर होत्या. बेरी वेचायला रानात निघालात तर तुमच्या खिशात कुणीतरी पावाचा तुकडा घालेल. परीलोक वाट चुकवतात, त्यांना द्यायला तो. तरीही चकवा लागलाच तर कोट उलटा करून घालायचा. रात्री छातीवर कुणी बसल्यासारखं होऊन हातपाय हलेनासे झाले तर ती म्हातारी हडळ आली. आयर्लंडच्या आग्नेय भागातून आणि इंग्लंडच्या डोर्सेट-डेव्हनकडून आलेल्या माणसांनी हे सामानाबरोबर आणलं, आणि दोनशे वर्षं धुक्यात राहून ते आणखी दाट झालं.

नाताळच्या बारा दिवसांत दारावर थाप पडली तर घाबरू नका. तोंडावर पडद्याचं कापड, पाठीवर उशीची कुबड, बाईच्या अंगात बाप्याचे कपडे आणि बाप्याच्या अंगात झगा, अशी टोळी घरात शिरते. ओळख पटू नये म्हणून ती माणसं श्वास आत ओढता ओढता बोलतात. नाचतात, चिमटे काढतात, वर्षभर जे बोलता येत नाही ते बोलून घेतात. घरच्यांनी ओळखलं की बुरखा काढायचा आणि पेला हातात घ्यायचा. पण बुरख्याआड जुनी वैरंही यायची. १८६०च्या डिसेंबरात बे रॉबर्ट्स इथे वेषधारी टोळीच्या हल्ल्यात आयझॅक मर्सर हा माणूस मेला, आणि १८६१मध्ये असं वेष घेऊन फिरण्यावर कायद्यानं बंदी आली. आडबाजूच्या खाड्यांनी ती मनावर घेतली नाही.

आता मोठी उडी घ्या. मधली वर्षं इथे फारशी बदलत नाहीत. नातवंडांना आजोबांची नावं मिळतात, नावांबरोबर खातीही मिळतात. १८९४च्या डिसेंबरात बेटावरच्या दोन्ही व्यापारी बँका बुडाल्या तेव्हा धक्का व्यापाऱ्यांना बसला, पण त्याची झळ शेवटी पिठाच्या पिंपापर्यंत आलीच.

३ नोव्हेंबर १९०८. हेरिंग नेक नावाच्या गावात एका सभागृहात मागच्या बाकावर बसा. समोर मच्छीमारांपुढे विल्यम कोकर नावाचा माणूस बोलतोय. तो सांगतोय ते एका वाक्यात मावतं: भाव ठरवणारा आणि मासा पारखणारा माणूस एकाच बाजूचा असता कामा नये. त्या रात्री नाव नोंदवायला मोजकीच माणसं पुढे येतात. तुमच्या शेजारचा म्हातारा उठत नाही. घरी दहा तोंडं आहेत, आणि दुकानदाराला उद्या सकाळी कळणारच. पण त्या सभेतून मच्छीमारांची संरक्षक संघटना उभी राहिली, सहा वर्षांत तिचे सभासद वीस हजारांवर गेले, आणि तिनं स्वतःची दुकानं काढली, रोखीची. क्रमीच्या कादंबरीत कोकर याच नावानं येतो आणि डिव्हाइनांच्या घरातला ईलाय त्याच्यामागे जातो. इथपर्यंत आलेला वाचक थोडा गडबडतो, देवमाशाच्या गोष्टीतून थेट संघटनेच्या सभेत कसे आलो म्हणून. मला मात्र हाच प्रवास अपरिहार्य वाटतो. जूडाला ज्या भुकेनं पोटातून ओढून काढलं, त्याच भुकेनं हे सभागृह भरलंय.

१९१४च्या मार्चचे शेवटचे दिवस. सीलच्या शिकारीला गेलेल्या ‘न्यूफाउंडलंड’ या बोटीची १३२ माणसं तरंगत्या बर्फावर आहेत आणि वादळ सुटलंय. दोन बोटींच्या कप्तानांना वाटतं, माणसं दुसऱ्याच्या बोटीवर असतील. विचारायची सोय नाही, कारण ‘न्यूफाउंडलंड’वरचं बिनतारी यंत्र मालकांनी उतरवून घेतलेलं. त्यानं सील जास्त मिळत नव्हते, म्हणून तो खर्च त्यांना नको होता. दोन रात्री माणसं बर्फावर होती. ७८ गेली. त्याच वादळात ‘सदर्न क्रॉस’ ही बोट सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली. दोन्ही मिळून २५१. कोकर त्या हंगामात स्वतः दुसऱ्या बोटीवरून बर्फात गेलेला होता, शिकाऱ्यांना कसं ठेवतात ते डोळ्यांनी बघायला.

दोन वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ला, फ्रान्समधल्या बोमाँ-हामेल इथे न्यूफाउंडलंडच्या पलटणीतले सुमारे आठशे जण खंदकातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे होते. ज्या खाड्यांमध्ये मिळून चार आडनावं, तिथे या आकड्याचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. क्रमी डिव्हाइनांच्या एका मुलाला, एबलला, या युद्धात धाडतो आणि त्याच्याच आसपास पुस्तक मिटतं.

पुस्तक मिटलं तरी तुम्ही परतू नका, कारण वहीची गोष्ट अजून संपलेली नाही. बेट १९४९मध्ये कॅनडात गेलं. १९५४पासून दोन दशकांत सरकारी योजनेनं सुमारे तीनशे गावं रिकामी झाली, पुष्कळांनी घरं पाण्यात लोटून, होड्यांना बांधून पलीकडच्या किनाऱ्याला ओढत नेली. पाण्यात मात्र परदेशी आणि देशी कारखाना-बोटी वर्षभर खोल समुद्र खरवडत राहिल्या. किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगत होते की मासा लहान होत चाललाय, कमी होत चाललाय. त्यांचं सांगणं कुठल्या तक्त्यात बसत नव्हतं. आजोबांच्या काळी कॅपलिन कुठल्या आठवड्यात यायचा, कॉड कुठल्या खडकापाशी मिळायचा, हे ज्ञान तोंडी होतं, आणि तोंडी ज्ञानाला तेव्हाही वहीत जागा नव्हती.

२ जुलै १९९२. सेंट जॉन्समधल्या एका हॉटेलात मंत्री जॉन क्रॉस्बी पत्रकारांसमोर बसलेत. ते जाहीर करतात की उत्तरेकडचा कॉड पकडणं बंद. जवळजवळ पाचशे वर्षं चाललेला धंदा या एका वाक्यानं थांबतो. न्यूफाउंडलंडमध्ये सुमारे तीस हजार माणसांचं काम जातं. भरपाईचा आकडाही सांगितला जातो: सुरुवातीला आठवड्याला २२५ डॉलर. तुम्ही आत नाही, बाहेरच्या व्हरांड्यात आहात, मच्छीमारांच्या गर्दीत. आकडा दाराच्या फटीतून बाहेर येतो आणि तोंडातोंडी मागेपर्यंत जातो. पुन्हा भाव कुणीतरी परस्पर ठरवलाय. आतून बंद केलेल्या दारावर पहिली मूठ आदळते, मग दुसरी, मग खांदे. मागून रेटा येतो आणि तुमचाही खांदा त्या दाराला लागतो.